डायलिसिसच्या रुग्णाचा सीआरपी: वही कशी ठेवायची, आकडा कसा वाचायचा

रक्ताच्या रिपोर्टवर सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासणीसमोरचा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि तो कागद माझ्यापुढे धरून घरचं माणूस विचारतं, "सिस्टर, हे किती वाईट आहे?" एकोणीस वर्षं मी डायलिसिस विभागात काम करतेय. या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: मागचे आकडे दाखवा. बहुतेकांकडे ते नसतात. एक कागद फायलीत, दोन मोबाईलमधल्या फोटोंत, बाकीचे कुठे गेले कुणालाच आठवत नाही. म्हणून वही कशी ठेवायची आणि तिच्यातले आकडे कसे वाचायचे, ते सविस्तर लिहितेय. औषध ठरवणं तुमचं काम नाही, माझंही नाही. ते नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं. पण त्यांच्यापुढे चार महिन्यांचं पान उघडून ठेवलंत, तर तीच पाच मिनिटांची भेट बरीच कामाची होते.

आधी हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या. शरीरात जंतू शिरले, जखम झाली, कुठे पू साचला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप पोहोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवायला लागतं. टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा ओळखलं. शरीराची ही सगळी प्रतिक्रिया म्हणजे दाह. निरोगी माणसात तो उठतो आणि काम झालं की विझतो. डायलिसिसच्या रुग्णात तो महिनोन्‌महिने धुमसत राहू शकतो. निरोपाची रसायनं बाहेर टाकायला मूत्रपिंड उरलेली नसतात, अंगात जास्तीचं पाणी असतं, मानेत किंवा छातीवर कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असतो, हिरड्या खराब असतात. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे रुग्ण असे असतात की ज्यांचा सीआरपी सतत वाढलेलाच असतो. हा धुमसणारा दाह भूक मारतो, अंगावरचं मांस उतरवतो, रक्तवाहिन्या कडक करतो आणि हिमोग्लोबिन वर येऊ देत नाही.

आणि इथेच ते वाक्य येतं, ज्याचा मला राग आहे: "डायलिसिसच्या पेशंटचा सीआरपी असतोच थोडा जास्त." पुष्कळांचा असतो, हे खरं. पण म्हणून कारण शोधायचं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. एके काळी मीही हे वाक्य म्हणत असे. का सोडलं ते पुढे सांगते.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

आकड्यांची तुलना करायची तर रक्त दर वेळी एकाच पद्धतीने घेतलेलं हवं. नमुना डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घ्या. सुई टोचली की लगेच, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि सलाईन जाण्याअगोदर. नंतर घेतलं तर दोन-तीन लिटर पाणी निघून गेलेलं असतं, रक्त घट्ट झालेलं असतं, आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं मुख्य प्रथिन), हिमोग्लोबिन उगाच चांगले दिसतात. सुरुवातीच्या अर्ध्या तासात तर पांढऱ्या पेशींवर अजिबात भरवसा ठेवू नका. रक्त फिल्टरला लागलं की त्या थोडा वेळ कमी होतात, जुन्या प्रकारच्या फिल्टरमध्ये तर फारच. सीआरपीचा रेणू मोठा, सुमारे १,१५,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), त्यामुळे तो फिल्टरमधून जात नाही. प्रोकॅल्सिटोनिन या संसर्ग दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा लहान आहे, तो काही प्रमाणात निघून जातो. म्हणून ती तपासणी सांगितली असेल तर नमुना आधीचाच हवा, हे ठामपणे म्हणा.

वारही ठरवून टाका. आठवड्यात तीन डायलिसिस असतील तर दोन दिवसांच्या खंडानंतरच्या वारी अंगात पाणी जास्त साचलेलं असतं, रक्त पातळ झालेलं असतं. मधला वार धरलात तर आकडे जास्त सारखे येतात.

शिरेतून आयर्नचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर निदान आठवडाभर फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करू नका. तो आकडा इंजेक्शनचाच असेल.

आता एककाचं. एक मुलगी फार आनंदात आली होती. "सिस्टर, बाबांचा सीआरपी २४ होता, आता २.४ आलाय!" मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर होतं, दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅब बदलली होती. २.४ ला दहाने गुणलं की २४. आकडा जागचा हलला नव्हता. तिचा चेहरा उतरताना पाहिला, तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: वहीत आकड्यापुढे एकक लिहा, शक्यतो सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये करून लिहा, आणि लॅब बदलू नका. अल्ब्युमिनचंही तसंच आहे. ते मोजायच्या दोन रंगपद्धती आहेत, बीसीजी आणि बीसीपी. त्याच रक्ताचं अल्ब्युमिन बीसीपीने कमी भरतं. लॅब बदलल्यावर अल्ब्युमिन एकदम घसरलं तर आधी पद्धत विचारा.

वहीचं पान

साधी मोठी वही घ्या आणि आडवी धरा. रकाने असे: तारीख आणि वार, डायलिसिसआधीचं वजन, ठरलेलं ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढून टाकल्यावरचं वजन), सीआरपी, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणजे टीसॅट (वापरायला मिळणारं लोह किती ते दाखवणारा आकडा), पांढऱ्या पेशी, त्या महिन्यात ईपीओची (हिमोग्लोबिन वाढवणारं औषध) किती इंजेक्शनं गेली. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा आणि त्याला नाव द्या 'काय झालं'.

बाकी सगळं रिपोर्टमध्ये मिळतं. 'काय झालं' मात्र फक्त घरच्यांना माहीत असतं. सर्दी, जुलाब, दाढ दुखली, पायाला चप्पल लागली, कॅथेटरची पट्टी ओली झाली, मशीनवर हुडहुडी भरली, भूक गेली, कुठली लस घेतली, स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, सगळं लिहा. साधी सर्दीही सीआरपी वाढवते. ती लिहिलेली नसेल तर तीन महिन्यांनी त्या उंचवट्याचा अर्थ लागत नाही.

मला आठवणारं एक पान असं होतं:

मधला वार, सुरू होण्याआधी. सीआरपी ३४. अल्ब्युमिन ३.६. हिमोग्लोबिन ९.१. काय झालं: काही नाही.
पुढचा महिना. सीआरपी ४१. अल्ब्युमिन ३.४. हिमोग्लोबिन ८.७, इंजेक्शनं वाढवली. फेरिटिन ८९०, टीसॅट १४ टक्के. काय झालं: भूक कमी, शर्ट सैल.
त्यापुढचा. सीआरपी ३८. अल्ब्युमिन ३.२. हिमोग्लोबिन ८.४. काय झालं: काही नाही. बीपीचा पट्टा लागतो म्हणतात.

हे पान काकूंनी लिहिलेलं. काका आमच्याकडे सहा वर्षांपासून येत होते. शेवटची ओळ मी वाचली, आणि तरी पुढे गेले.

आकडे एकत्र वाचायचे

सुटा सीआरपी फारसं काही सांगत नाही. बहुतेक लॅब ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत नॉर्मल म्हणतात. तुमच्या माणसाचा नेहमीचा आकडा किती, हे महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा, बरं असताना मोजून ठरतं. कुणाचा ४ असतो, कुणाचा ९. पुढची तुलना त्याच्याशी करायची.

एकदम उडी मारलेला आकडा वेगळा आणि रेंगाळलेला वेगळा. ७ चा १४० झाला तर बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. संसर्ग झाला की सहा-आठ तासांत सीआरपी चढायला लागतो, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. कारण आटोक्यात आलं की जवळपास १९ तासांत निम्मा होतो. म्हणून अँटिबायोटिक सुरू होऊन तीन दिवस झाले आणि आकडा तिथेच असेल, तर औषध लागू पडत नाहीये किंवा पू कुठेतरी अडकलाय, अशी शंका डॉक्टरांना येते. दुसऱ्यांदा सीआरपी का सांगितला याचं कारण हे असतं.

मात्र एक गोष्ट कुठल्याही आकड्याची वाट न पाहता करायची. कॅथेटर असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, विशेषतः मशीनवर असताना, तर लगेच सांगा. घरी असाल तर थेट रुग्णालयात या. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेतलं गेलं पाहिजे. घरात ठेवलेली अँटिबायोटिकची गोळी देऊन येऊ नका. कल्चरमध्ये जंतू सापडला नाही तर पुढचे पंधरा दिवस अंधारात चाचपडत उपचार करावे लागतात.

सीआरपी १५ ते ५० मध्ये महिनोन्‌महिने अडकलेला असेल तर बाकीचे रकाने वाचा. अल्ब्युमिन बघा. दाह असला की यकृत सीआरपी बनवायच्या मागे लागतं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं. डायलिसिसच्या रुग्णात ते ४ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असावं असा प्रयत्न असतो. अल्ब्युमिन उतरलं की घरचे खाण्यावरून रुग्णाला बोलतात. "खातच नाहीत, मग काय होणार?" शेजारी सीआरपी चढलेला असेल तर आधी बोलणं थांबवा. भूक त्या दाहानेच मारलेली असते, आणि नुसतं ताटात जास्त वाढून ते अल्ब्युमिन वर येत नाही. उलट सीआरपी शांत असेल आणि अल्ब्युमिन तेवढं घसरत असेल, तर खरंच खाणं कमी पडतंय का, अंगात पाणी जास्त आहे का, पोटाचं डायलिसिस असेल तर पिशवीतून किती प्रथिन जातंय, हे विचारा. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोजचं पाच ते पंधरा ग्रॅम प्रथिन वाहून जातं.

फेरिटिनने तर भलेभले फसतात. ८९० बघून वाटतं, लोह भरपूर आहे, मग हिमोग्लोबिन का वाढत नाही? फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं तसंच दाहातही वाढतं. दाह असताना यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते लोहाला कोठारातून बाहेर पडू देत नाही. कोठार भरलेलं आणि अस्थिमज्जा उपाशी. म्हणून टीसॅट बघायचा. तो २० टक्क्यांच्या खाली, फेरिटिन मात्र उंच, आणि ईपीओचे डोस वाढवूनही हिमोग्लोबिन हलत नाही, अशी तीन लक्षणं एका ओळीत दिसली की दाह शोधा. लोह द्यायचं की थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. अंगात जोरदार संसर्ग चालू असताना शिरेतून लोह देणं टाळतात.

ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसायचा वेग) बघून घाबरू नका. डायलिसिसच्या रुग्णात तो कुठलाही संसर्ग नसताना ८०-१०० असू शकतो, वहीत त्याला रकानासुद्धा देऊ नका. प्रोकॅल्सिटोनिन या रुग्णांत मुळातच थोडं जास्त असतं, तेव्हा कागदावरची नॉर्मलची रेघ जशीच्या तशी लागू होत नाही. इंटरल्युकिन-६ संशोधनात फार उपयोगी, पण दर महिन्याला करायची तपासणी नव्हे. सीबीसीमधल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) भागून येणारं गुणोत्तर हवं तर लिहून ठेवा. स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायला ते बरं, आणि त्याला वेगळं रक्त लागत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर तेही वाढतं.

कारण शोधायचं ते डोक्यापासून पायापर्यंत

काकांची गोष्ट इथली आहे. त्यांच्या डाव्या दंडात जुना ग्राफ्ट (डायलिसिससाठी कातडीखाली बसवलेली कृत्रिम नळी) होता. दोन वर्षांपूर्वी त्यात गुठळी होऊन तो बंद पडला, मग उजव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) झाली आणि डावा हात सगळे विसरले. बीपीचा पट्टा आम्ही त्याच हाताला बांधायचो. काका दर वेळी म्हणायचे, "सिस्टर, जरा खाली बांधा." मी खाली बांधायची. तीन महिने.

चौथ्या महिन्यात काकूंची वही पुन्हा पुढ्यात आली आणि ती ओळ पुन्हा दिसली. मी पट्टा बाजूला ठेवला आणि जुन्या ग्राफ्टवरून अंगठा फिरवत गेले. सगळीकडे दोरीसारखा कडक लागत होता. कोपराच्या चार बोटं वर, वाटाण्याएवढी जागा मऊ लागली. काकांनी हात मागे ओढला. लाली नाही, ताप नाही, कातडी अगदी नेहमीसारखी. डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली, ग्राफ्टभोवती पाणी दिसलं. शस्त्रक्रिया करून तो तुकडा काढला तेव्हा आत पू होता. बंद पडलेला ग्राफ्ट असा गुपचूप पिकलेला असू शकतो, हे पुस्तकात आहे. मी ते वाचलेलंही होतं. त्या दिवसापासून "असतोच थोडा जास्त" हे वाक्य माझ्या तोंडून गेलं.

तर घरी चांगल्या उजेडात बसा आणि वरून सुरुवात करा. तोंड उघडायला सांगा. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, दाढ हलते का, वास येतो का. हिरड्यांचा जुना रोग हे धुमसत्या दाहाचं अगदी नेहमीचं कारण, आणि सर्वांत दुर्लक्षितही. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना डायलिसिसचे वार आणि हेपरिन मिळतं हे आधी सांगा. पुढे मान, काखा, तिथे गाठ लागते का. महिनाभर संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि उतरत जाणारं वजन असेल तर क्षयरोगाची शंका स्वतःहून बोलून दाखवा. या रुग्णांत तो जास्त होतो आणि बऱ्याचदा फुप्फुसाबाहेर असतो, म्हणून छातीचा फोटो स्वच्छ आला तरी विषय संपत नाही.

कॅथेटरची जागा घरी उघडायची नाही. डायलिसिसच्या वेळी पट्टी बदलताना सिस्टरला "जागा कशी दिसतेय?" असं दर वेळी विचारा. आम्हाला त्याचा त्रास होत नाही. लाली, ओल, खपली, कॅथेटर कातडीखालून जातो त्या बोगद्याच्या वाटेवर दुखणं, यातलं काही असेल तर वहीत लिहा. कॅथेटर आहे तोवर संसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून फिस्टुला तयार असूनही कॅथेटर तसाच ठेवलेला असेल, तर तो कधी काढणार हे विचारायला कचरू नका.

पूर्वी प्रत्यारोपण झालं असेल आणि ते मूत्रपिंड आता बंद पडलेलं असेल, तर तिथे दाबून दुखतं का बघा. निकामी होऊन आत राहिलेलं मूत्रपिंडही दाह चालू ठेवतं. पोटाच्या डायलिसिसची पिशवी गढूळ दिसली तर ती फेकू नका, घेऊन या. त्यातल्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील तर तो पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याचा संसर्ग) धरतात. शेवटी पाय. मोजे काढून, बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, नखांच्या कडांना. मधुमेह असेल तर पायाला लागलेलं कळतच नाही, म्हणून बघणारं माणूस दुसरं हवं.

वजनाचा रकाना वाचायला विसरू नका. अंगात सतत पाणी राहिलं की आतड्याची भिंतही सुजते आणि आतल्या जंतूंचे अंश रक्तात शिरू शकतात. दुसरी खोच अशी की दाहामुळे मांस उतरतं आणि त्याची जागा पाणी घेतं, काट्यावर वजन तेच दिसतं. शर्ट सैल, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक, आणि वजन जागच्या जागी, असं झालं तर ड्राय वेट पुन्हा ठरवायला सांगा.

घरच्यांच्या हातात नसलेलं एक कारण आहे, डायलिसिसचं पाणी. जास्त शुद्ध, म्हणजे अल्ट्राप्युअर द्रवासाठी एंडोटॉक्सिनची (जंतूंपासून येणारं विष) मर्यादा मिलिलिटरला ०.०३ एकक आहे, तर साध्या शुद्ध केलेल्या पाण्यासाठी ०.२५. पाण्याची तपासणी कधी झाली, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. एकाच शिफ्टमध्ये दोन-तीन जणांना हुडहुडी भरली, तर ते योगायोग म्हणून सोडू देऊ नका.

आकडा खाली आणायची औषधं

"सीआरपी कमी व्हायची गोळी नाही का?" असं विचारतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑरोरा नावाच्या चाचणीत डायलिसिसच्या २,७७६ रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांचा सीआरपी कमी झाला, पण हृदयविकार, पक्षाघात आणि त्यातून येणारे मृत्यू यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. (डॉक्टरांनी आधीपासून दिलेली स्टॅटिनची गोळी हे वाचून बंद करू नका.) स्वतःच्या मनाने दाहशामक वेदनानाशक तर मुळीच घेऊ नका. जी थोडी लघवी होत असते ती त्यानेच जाते, आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दाह कमी करते म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही पावडरीचं लेबल पोटॅशियम आणि फॉस्फरससाठी आधी आहारतज्ज्ञांना दाखवा.

कारण सापडून त्यावर उपचार झाला की प्रत्येक आकडा आपापल्या वेगाने परत येतो, म्हणून तपासण्यांची घाई करू नका. सीआरपी दोन आठवड्यांत बघा. अल्ब्युमिनला वेळ द्या, त्याचं निम्मं व्हायलाच सुमारे २० दिवस लागतात, म्हणून महिन्याच्या आत ते हललं नाही तरी खचून जाऊ नका. हिमोग्लोबिनला दोन महिनेही लागतात. काकांचा सीआरपी तीन आठवड्यांनी ६ वर आला, अल्ब्युमिन तेव्हा ३.२ च होतं आणि काकू रडवेल्या झाल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात ते ३.७ झालं, हिमोग्लोबिन १०.६, तेही ईपीओचा डोस कमी करून. 'काय झालं'च्या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं: दुसऱ्यांदा वाढून घेतलं.